आधी कोण गेले? ब्रुकलिन, डॉजर्स आणि वडिलांकडून आलेली निष्ठा

१/
आजच्या धाग्याचा आरंभ एका विनोदाने करते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात तो पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. तुमच्या हाती पिस्तूल आहे, त्यात दोनच गोळ्या आहेत आणि समोर हिटलर, स्टालिन व वॉल्टर ओमॅली असे तिघे उभे आहेत. तुम्ही काय कराल? अस्सल ब्रुकलिनकराचे उत्तर ठरलेले: दोन्ही गोळ्या ओमॅलीला.

२/
हिटलर-स्टालिनच्या पंक्तीत बसवलेला हा ओमॅली कोणी हुकूमशहा नव्हता. तो पेशाने वकील होता आणि 'ब्रुकलिन डॉजर्स' या बेसबॉल संघाचा मालक होता. १९५७ सालचा हंगाम संपताच त्याने हा संघ ब्रुकलिनमधून उचलला आणि सुमारे चार हजार किलोमीटर दूर लॉस एंजेलिसला नेला. त्याचा अपराध तो एवढाच. पण आज सत्तरीच्या पुढे असलेली अनेक अमेरिकन माणसे या घटनेविषयी घरातल्या मृत्यूविषयी बोलावे तशी बोलतात.

३/
या काळाविषयीची आत्मकथने मी गेले वर्षभर वाचते आहे. त्यांतली बरीचशी एकाच तऱ्हेने उघडतात: वडील, रेडिओ, उन्हाळ्यातील दुपार, आणि पहिल्यांदा पाहिलेले हिरवे मैदान. ही पुस्तके सुंदर आहेत. पण इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून माझी एक तक्रार आहे, ती आधीच मांडते. संघाने गाव सोडले, ही अर्धी गोष्ट झाली. गाव सोडायला चाहत्यांनी त्याच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती. ही उरलेली अर्धी गोष्ट मुलांच्या आठवणीत नाही, कारण ती वडिलांनी सांगितलीच नाही.

४/
पार्श्वभूमी. ब्रुकलिन आज न्यूयॉर्क शहराचा एक विभाग आहे. १८९८ च्या १ जानेवारीला विलीनीकरण होईपर्यंत ते स्वतंत्र शहर होते, आणि अमेरिकेतील मोठ्या शहरांत त्याची गणना होई. विलीनीकरणात महापौर गेला, नगरपालिका गेली. 'आमचे' म्हणावे अशा दोन गोष्टी उरल्या. एक, 'ब्रुकलिन ईगल' हे दैनिक, ज्याच्या संपादकाच्या खुर्चीत एके काळी कवी वॉल्ट व्हिटमन बसला होता. दुसरी गोष्ट बेसबॉलचा संघ. संघाचे नावही रस्त्यावरच जन्मले. १८९० च्या दशकात विजेच्या ट्रॅमगाड्या धावू लागल्या, त्यांना हुलकावणी देत रस्ता ओलांडणाऱ्या ब्रुकलिनकरांना लोक थट्टेने 'ट्रॉली डॉजर्स' म्हणू लागले, आणि त्या थट्टेचे पुढे बिरुद झाले. (मुंबईच्या ट्रॅमने असे एखादे नाव मागे ठेवले नाही, याची मला उगाचच खंत वाटते.)

५/
१९१३ साली संघाला 'एबेट्स फील्ड' हे मैदान मिळाले. वस्तीच्या ऐन मध्यात, चारी बाजूंनी रस्त्यांनी आवळलेले, जेमतेम बत्तीस हजार प्रेक्षकांचे. खेळाडूंच्या शिव्याही प्रेक्षकांना ऐकू याव्यात इतके लहान! हिल्डा चेस्टर नावाच्या बाई गाईच्या गळ्यातली घंटा बडवीत सामना पाहत. हौशी वादकांचे एक बेसूर पथक पंचांची टिंगल करणाऱ्या धून वाजवी. धावफलकाच्या पायथ्याशी एब स्टार्क या कापडवाल्याची जाहिरात होती: चेंडू थेट या फलकावर मारा आणि सूट जिंका. पुढे हाच स्टार्क ब्रुकलिन विभागाचा निर्वाचित अध्यक्ष झाला. लोकशाहीत जाहिरात कशी उपयोगी पडते, ते यावरून समजावे.

६/
आणि हा संघ हरत असे. वर्षाच्या शेवटी दोन लीगांच्या विजेत्यांत होणारी सात सामन्यांची झुंज म्हणजे 'वर्ल्ड सिरीज'. ब्रुकलिन तेथवर १९१६, १९२०, १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ असे सात वेळा पोहोचले आणि सातही वेळा हरले. त्यांतले शेवटचे पाच पराभव एकाच प्रतिस्पर्ध्याकडून, नदीपलीकडच्या श्रीमंत 'न्यूयॉर्क यांकीज'कडून. 'पुढच्या वर्षी बघू' हे साऱ्या ब्रुकलिनचे पालुपद होऊन बसले. १९५२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये गिल हॉजेस हा लाडका फलंदाज एकवीस प्रयत्नांत एकही फटका यशस्वी करू शकला नाही. पुढच्या हंगामातही त्याची बॅट रुसलेलीच होती. तेव्हा एका रविवारी ब्रुकलिनमधील एका कॅथलिक पाद्र्याने उकाड्याचे कारण सांगून प्रवचन आटोपते घेतले आणि भाविकांना घरी जाऊन हॉजेससाठी प्रार्थना करायला सांगितले.

७/
अखेर १९५५ च्या ४ ऑक्टोबरला, यांकीजच्याच मैदानावर, सातव्या सामन्यात ब्रुकलिन २-० असे जिंकले. जॉनी पॉड्रेस हा अवघ्या तेवीस वर्षांचा पिचर (म्हणजे आपल्याकडचा गोलंदाज) शेवटपर्यंत चेंडू टाकत राहिला. सँडी अमोरोसने सीमारेषेकडे धावत जाऊन योगी बेराचा फटका झेलला. दोन्ही धावा आल्या हॉजेसच्या बॅटमधून. पाद्रीबुवांना वाटले असेल ते असो.

८/
आता मुख्य मुद्द्याकडे येते. गावाच्या संघावरची निष्ठा मुलांच्या मनात रुजते कशी? 'मातीतून' असे सोपे उत्तर आपण देतो. माझ्या मते ती घरातून येते, आणि तिचे वाहन असते रेडिओ. न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी (यांकीज, जायंट्स व डॉजर्स) आपसांत करार करून १९३८ पर्यंत सामन्यांचे रेडिओ प्रक्षेपण बंद ठेवले होते. लोक घरीच बसतील, तिकिटे कोण घेणार, ही धास्ती. १९३९ मध्ये डॉजर्सनी तो करार मोडला आणि रेड बार्बर हा दक्षिणी हेलाचा समालोचक ब्रुकलिनच्या स्वयंपाकघरांत शिरला. उघड्या खिडक्यांतून त्याचा आवाज येई, आणि रस्त्याने चालत गेले तरी सामन्याचा एक चेंडूही चुकत नसे, असे वर्णन कितीतरी आठवणींत सापडते. ज्या मुलांनी एबेट्स फील्ड पाहिलेही नव्हते, त्यांनाही ते पाठ होते.

९/
इतिहासकार डोरिस कर्न्स गुडविन यांचे उदाहरण तर माझ्या फार जिव्हाळ्याचे आहे. लिंकनवरच्या ग्रंथामुळे त्या आपल्याला माहीत असतात. त्यांचे बालपण लाँग आयलंडवरच्या एका उपनगरात गेले. १९४९ साली, त्या सहा वर्षांच्या असताना, वडिलांनी त्यांना धावसंख्या टिपायची वही दिली आणि प्रत्येक चेंडूची नोंद करायला शिकवले. दुपारी वडील कामावर असत. मुलगी रेडिओपाशी बसून सामना टिपून ठेवी आणि संध्याकाळी वडील आले की सारा वृत्तांत, चेंडूगणिक, त्यांना ऐकवी. निकाल आधी फोडायचा नाही, गोष्ट सुरुवातीपासून सांगायची, हे त्या तेथे शिकल्या. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात हे सगळे छापून येते, ही गोष्ट वडिलांनी तिला कधीच कळू दिली नाही! आपण सांगितले नाही तर वडिलांना सामना कळायचाच नाही, असे त्या मुलीला वाटत राहिले. अमेरिकेतील एका मोठ्या इतिहासलेखिकेचे पहिले प्रशिक्षण ते हे.

१०/
पण हे घर ब्रुकलिनमध्ये नव्हते, इकडे लक्ष द्या. वडील ब्रुकलिनचे, मुलगी उपनगरातली. आणि त्याच गल्लीत यांकीजची घरे होती, जायंट्सची होती. 'गावचा संघ' हा शब्द आपण वापरतो, पण येथे गाव होते वडिलांच्या बोलण्यात.

११/
कधी निष्ठा याहूनही क्षुल्लक कारणाने जडते. पुढे डॉजर्सचा आवाज म्हणून सदुसष्ट हंगाम गाजलेला विन स्कली हा न्यूयॉर्कचा मुलगा. १९३६ साली, वय वर्षे आठ असताना, शाळेतून घरी येताना एका लाँड्रीच्या खिडकीत त्याला वर्ल्ड सिरीजचा निकाल लावलेला दिसला: यांकीज १८, जायंट्स ४. त्याला जायंट्सची दया आली आणि तो त्यांचा झाला. ज्या संघाशी डॉजर्सचे हाडवैर, त्या संघाचा.

१२/
या धाग्याच्या नियमित वाचकांना आपल्या पंचरंगी सामन्यांची आठवण झाली असेल. मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'इतर' असे संघ असत. तुमचा संघ कोणता, हे तुमच्या जन्माच्या दाखल्यावरच लिहिलेले असे. त्या तुलनेत लाँड्रीच्या खिडकीतून जडलेली निष्ठा मला फार निरागस वाटते. पंचरंगी सामने १९४६ साली कायमचे थांबले. त्याच वर्षी डॉजर्सच्या दुय्यम संघातून, मॉन्ट्रियल येथे, एक कृष्णवर्णीय खेळाडू पहिला हंगाम खेळत होता.

१३/
जॅकी रॉबिन्सन. १९४७ च्या १५ एप्रिलला तो एबेट्स फील्डवर उतरला आणि विसाव्या शतकातील मुख्य लीगांमधली वर्णभेदाची अलिखित भिंत फुटली. पळवणकर बाळूंची कथा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला येथे अधिक काही सांगायला नको. फरक असा की बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद अखेरपर्यंत नाकारले गेले (ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले), तर रॉबिन्सनला दोनच वर्षांत, १९४९ मध्ये, लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला. ब्रुकलिनच्या गोऱ्या मुलांनी, विशेषतः ज्यू, इटालियन, आयरिश घरांतल्या मुलांनी, त्याची चित्रे जमवली, त्याच्यासारखे पाय आत वळवून चालायचा सराव केला. खुद्द रेड बार्बर दक्षिणेत वाढलेला. रॉबिन्सन येणार हे कळताच नोकरी सोडण्याचा विचार त्याच्या मनात आला होता. तो थांबला, आणि माणूस म्हणून बदलला, असे त्यानेच सांगून ठेवले आहे. मूल, रेडिओ आणि नायक यांच्या या साखळीने एका पिढीचे काही पूर्वग्रह खरोखर सैल केले. हे श्रेय मी नाकारत नाही.

१४/
मात्र बालपणीचा नायक मोठा होत नाही. माणूस मोठा होतो. रॉबिन्सनने १९४९ मध्ये संसदीय समितीपुढे गायक पॉल रोबसनच्या विरोधात साक्ष दिली. १९६० मध्ये केनेडींऐवजी निक्सन यांना पाठिंबा दिला, ज्याचे कोडे त्याच्या अनेक कृष्णवर्णीय चाहत्यांना उलगडले नाही. १९७२ साली, मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात राष्ट्रगीताला उभे राहून ते म्हणणे आपल्याला शक्य नाही, असे त्याने लिहिले. चित्रे जमवणाऱ्या मुलांच्या आठवणींत हा रॉबिन्सन सहसा नसतो. तेथे तो कायम पहिल्या पायावरून दुसऱ्याकडे झेपावणारा, अठ्ठावीस वर्षांचा, बेचाळीस क्रमांकाचा.

१५/
आठवण खोटे बोलते असे मला म्हणायचे नाही. ती खलनायक शोधण्यात घाई करते. १९५१ चे पाहा. ऑगस्टमध्ये डॉजर्स जायंट्सच्या साडेतेरा सामने पुढे होते. जायंट्सनी ती सारी आघाडी भरून काढली आणि ३ ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यात बॉबी थॉम्सनने राल्फ ब्रान्काचा चेंडू प्रेक्षकांत भिरकावून ब्रुकलिनला घरी पाठवले. ब्रान्काला तो एक चेंडू जन्मभर पुरला. आणि २००१ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'मधून उघड झाले की जायंट्सनी त्या हंगामात आपल्या खोलीच्या खिडकीत दुर्बीण लावून प्रतिस्पर्धी झेलरक्षकाच्या खुणा चोरल्या होत्या. पन्नास वर्षे ब्रुकलिनने एका पिचरला दोष दिला.

१६/
ओमॅलीच्या बाबतीत असेच काही झाले, असे मला वाटते. प्रथम आकडे. १९४७ साली एबेट्स फील्डवर अठरा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. १९५५ मध्ये, ज्या वर्षी संघ जगज्जेता झाला त्या वर्षी, दहा लाखांच्या किंचित वर. 'ब्रुकलिन'ने ज्याची वाट पाहिली, त्या वर्षी मैदानात आठ वर्षांपूर्वीपेक्षा जवळजवळ आठ लाख माणसे कमी. १९५७ च्या २४ सप्टेंबरला तेथे शेवटचा सामना झाला. संघ जाणार ही कुजबूज तोवर गल्लोगल्ली होती. डॉजर्सनी पिट्सबर्गला २-० असे हरवले, ऑर्गनवर निरोपाची धून वाजली. बत्तीस हजारांच्या मैदानात त्या रात्री ६,७०२ प्रेक्षक होते.

१७/
लोक कोठे गेले होते? काही दूरचित्रवाणीपुढे बसले होते, हे खरे. पण बरेचसे लाँग आयलंडवर गेले होते. १९४७ पासून तेथे लेव्हिटटाउन उभे राहू लागले. चार-पाच वर्षांत सतरा हजारांहून अधिक घरे, एकसारखी, हिरवळीच्या तुकड्यासह. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीचे स्वस्त गृहकर्ज. आरंभीच्या भाडेकरारांत स्पष्ट अट होती: हे घर गोऱ्यांशिवाय कोणी वापरायचे नाही, घरकामाचे नोकर तेवढे अपवाद. सरकारी गृहकर्ज खात्याचे धोरणही हेच होते; कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना 'जोखमीचे' ठरवून तेथे कर्ज नाकारले जाई.

म्हणजे काय झाले? संध्याकाळी मुलाला मांडीवर घेऊन जॅकी रॉबिन्सनची थोरवी सांगणारे अनेक वडील अशा गल्लीत राहत होते, जेथे जॅकी रॉबिन्सनला घर मिळाले नसते. ही अलंकारिक अतिशयोक्ती नव्हे. जगज्जेत्या संघातल्या खुद्द रॉबिन्सन दांपत्याला न्यूयॉर्कच्या उत्तरेला घर घेताना दारे बंद होण्याचा अनुभव पुन्हापुन्हा आला. शेवटी ते कनेटिकटमधील स्टॅमफर्डला स्थिरावले.

१८/
या वडिलांना मी ढोंगी म्हणणार नाही. मी स्वतः गिरणगावातून डोंबिवलीला गेलेल्या कुटुंबातली आहे. १९८२ च्या संपानंतर आजोबांनी परळची खोली सोडली. बाबांचे सारे आयुष्य लोकल गाडीत गेले, पण रणजी सामन्यांत त्यांची मुंबई अजून तीच, चाळीच्या गच्चीवरची. (आई नागपूरची. २०२४ च्या मार्चमधला मुंबई-विदर्भ अंतिम सामना आमच्या घरी फार शांततेत पाहिला गेला.) गाव सोडलेला माणूस संघाला अधिकच घट्ट धरतो, कारण गावाचे तेवढेच त्याच्याजवळ उरलेले असते. फरक एवढाच: परळ सोडणे आमच्या आजोबांच्या हातात नव्हते, आणि मागे राहिलेल्यांकडे पाठ फिरवायला त्यांना कोणी कर्ज दिले नव्हते.

१९/
आता ओमॅलीचे. त्याला मी संत ठरवायला निघालेले नाही. १९५३ मध्ये बॉस्टनचा ब्रेव्ह्ज संघ मिलवॉकीला गेला आणि तेथे पहिल्याच वर्षी अठरा लाख प्रेक्षक खेचून बसला. तो आकडा ओमॅलीच्या डोळ्यांपुढून हलेना. एबेट्स फील्डपाशी जेमतेम सातशे मोटारी उभ्या राहत, आणि चाहते आता मोटारीने येणारे होते. त्याला ब्रुकलिनमध्येच, ॲटलांटिक आणि फ्लॅटबुश या रस्त्यांच्या चौकापाशी, जेथे लाँग आयलंडची आगगाडी येऊन थांबते तेथे, स्वतःच्या खर्चाने नवे मैदान बांधायचे होते. त्यासाठी बकमिन्स्टर फुलरकडून घुमटाचा आराखडाही मागवला होता. अडचण जमिनीची. ती नगरपालिकेने सक्तीने संपादित करून आपल्याला विकावी, अशी त्याची मागणी.

२०/
ती नाकारली रॉबर्ट मोझेसने. न्यूयॉर्कचे रस्ते, पूल, उद्याने यांवर दशकानुदशके एकहाती सत्ता गाजवणारा, एकदाही निवडून न आलेला हा अधिकारी. खाजगी मालकाचे मैदान हे सार्वजनिक प्रयोजन नव्हे, असे त्याचे म्हणणे. त्याने क्वीन्स विभागातली जागा पुढे केली. ब्रुकलिनमध्ये नसलेला संघ ब्रुकलिनचा कसा, म्हणून ओमॅलीने ती झिडकारली. नील सुलिव्हन यांच्या १९८७ च्या अभ्यासानंतर जाणकारांत दोषाचा काटा बराच मोझेसकडे झुकला आहे. मला मात्र वाटते की मोझेसविषयी कितीही वाईट बोलता आले तरी या एका मुद्द्यावर तो बरोबर होता. श्रीमंताच्या धंद्यासाठी लोकांची जमीन सक्तीने का घ्यावी? विनोद असा, की ज्या मोझेसने ब्रुकलिनकरांना उपनगरांत वाहून नेणारे महामार्ग बांधले, त्याच्यावर या पापाबद्दल कोणी गोळी झाडत नाही. आणि त्याच चौकासमोर २०१२ मध्ये सक्तीच्या भूसंपादनाचा आधार घेऊन खाजगी क्रीडागृह उभे राहिलेच.

२१/
आणखी एक. 'ब्रुकलिन ईगल' १९५५ च्या जानेवारीत बंद पडले, जगज्जेतेपदाच्या त्याच वर्षी. गावाचा स्वतःचा आवाज गेला. त्याच्या मालकाला उद्देशून असा कोणताही विनोद मी वाचलेला नाही.

२२/
खरे नुकसान ज्यांचे झाले त्यांचे लेखन मात्र फारसे हाती लागत नाही. जे ब्रुकलिनमध्येच राहिले ते कृष्णवर्णीय, दक्षिणेतून नव्याने येणारे, प्वेर्तो रिकोहून आलेले, मोटार नसलेले, वृद्ध. त्यांच्यासाठी एबेट्स फील्ड चालत जाण्याच्या अंतरावर होते. १९६० च्या फेब्रुवारीत ते पाडायला घेतले, तेव्हा पाडकामाचा लोखंडी गोळा बेसबॉलसारखा रंगवलेला होता. तेथे आज उंच इमारतींची वसाहत आहे. विरहाची पुस्तके मुख्यतः गेलेल्यांच्या मुलांनी लिहिली. राहिलेल्यांच्या मुलांनी काय गमावले, हे शोधायचे तर मौखिक इतिहासाच्या ध्वनिफिती ऐकाव्या लागतील. कोणाला शोधप्रबंधाला विषय हवा असेल तर हा घ्या.

२३/
आणि गोष्टीचे दुसरे टोक, लॉस एंजेलिस. तेथे शहराने ओमॅलीला डोंगरातली सुमारे तीनशे एकर जमीन दिली. बदल्यात एक जुने लहान मैदान घेतले. त्या जमिनीचे नाव शावेझ रव्हीन. तेथे मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांच्या तीन वाड्या होत्या: ला लोमा, पालो व्हेर्दे आणि बिशप. १९५० साली सार्वजनिक गृहयोजनेसाठी म्हणून रहिवाशांना उठवायला सुरुवात झाली होती. 'नवी घरे आधी तुम्हाला' असे आश्वासन होते. कम्युनिस्टविरोधी लाटेत ती योजनाच 'समाजवादी' ठरून रद्द झाली. रिकामी जमीन तेवढी उरली.

२४/
दोन तारखा शेजारी ठेवते. डॉजर्सचा रॉय कॅम्पानेला, ब्रुकलिनच्या मुलांचा आणखी एक दैवत, १९५८ च्या जानेवारीत मोटार अपघातात पांगळा झाला. लॉस एंजेलिससाठी तो एकही सामना खेळू शकला नाही. १९५९ च्या ७ मे रोजी त्याच्या सन्मानार्थ यांकीजविरुद्ध मैत्रीचा सामना झाला. दिवे मालवले गेले, ९३,१०३ प्रेक्षकांनी अंधारात काड्या पेटवून धरल्या. दुसऱ्या दिवशी, ८ मे रोजी, शावेझ रव्हीनमध्ये शेवटची घरे रिकामी करण्यात आली. एका स्त्रीला पोलिसांनी हातापायांना धरून जिन्यावरून खाली उतरवले. ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुढे त्या कुटुंबाची शहरात अन्यत्र घरे असल्याचे वर्तमानपत्रांनी छापले आणि सहानुभूती ओसरली. घर मात्र बुलडोझरखाली गेलेच होते. काड्या पेटवणाऱ्यांतल्या कितीजणांनी दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र उघडले असेल?

२५/
१९६२ साली तेथे डॉजर स्टेडियम उघडले. कित्येक मेक्सिकन-अमेरिकन घरांत त्या दिशेला न पाहण्याची रीतच पडली. मग १९८१ उजाडले. मेक्सिकोतील सोनोरा प्रांतातल्या एका खेड्याचा, शेतकरी घरातला, वीस वर्षांचा फर्नांदो व्हॅलेन्झुएला चेंडू टाकू लागला आणि पहिले आठही सामने त्याने जिंकून दिले. ज्या टेकडीवरून आजी-आजोबांना उठवले, तिच्यावर नातवंडे त्याच्या चौतीस क्रमांकाचे सदरे घालून चढू लागली. घराघरांत यावरून काय बोलणी झाली असतील, ती मला कोणत्याही विजयाच्या वृत्तांताहून मोलाची वाटतात. २०२४ च्या २२ ऑक्टोबरला व्हॅलेन्झुएला वारला. तीनच दिवसांनी वर्ल्ड सिरीज सुरू झाली: डॉजर्स विरुद्ध यांकीज.

२६/
तिचा शेवटचा सामना आपल्याकडे ३१ ऑक्टोबरच्या पहाटे होता, नरकचतुर्दशीला. मैदान यांकीजचे. १९५५ मध्ये पॉड्रेस जेथे जिंकला होता त्याच्या शेजारीच आता नवे उभे आहे. मी अभ्यंगस्नान उरकून मोबाइल पुढे घेऊन बसले होते. बाबा केस पुसत आले, चकली उचलली आणि विचारले, "यांतले आपले कोण?" यांकीज तेव्हा ५-० असे पुढे होते. मी करड्या कपड्यांतले दाखवले आणि थोडक्यात हे सगळे सांगितले: ट्रॅमगाड्या, हॉजेस, वहीत सामना टिपणारी मुलगी, ओमॅली, टेकडीवरची घरे. सांगता सांगता डॉजर्सनी बरोबरी साधली.

बाबांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे हे लॉस एंजेलिसचे. मग त्या मुलीने पुढे कोणाला धरले?"

"ती हार्वर्डला शिकायला गेली, बाबा. बॉस्टनला."

"म्हणजे तिकडच्याच कुठल्या तरी संघाला."

"हो. रेड सॉक्सला."

"मुलांना घेऊन जात असेल सामन्याला," असे म्हणून त्यांनी खुर्ची जवळ ओढली.